नझीर हुसेन : तळटीप

१७. नझीर हुसेन मुंबईचे. १९८०च्या हिमालयन रॅलीमागे पुढाकार त्यांचाच. पण जगाच्या लक्षात ते राहिले १२ जुलै १९९८च्या सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला वन शर्यतीमुळे. या ब्रिटिश ग्रां प्रीच्या तीन पंचांपैकी ते एक. सेफ्टी कार ट्रॅकवर असताना फेरारीचा चालक शूमाकरने दुसरा चालक वुर्ट्झला मागे टाकले, म्हणून १० सेकंदांची शिक्षा झाली. मात्र हाताने लिहिलेली चिठ्ठी फेरारीला मिळाली ती शिक्षा कळवण्याची २५ मिनिटांची मुदत उलटल्यावर, आणि तीही संदिग्ध. शूमाकर शिक्षा भोगायला पिटमध्ये शिरला तो थेट शेवटच्या फेरीत. फेरारीची पिटमधली जागा अंतिम रेषेच्या पलीकडे, त्यामुळे गाडी थांबण्याआधीच तो जिंकला! प्रतिस्पर्धी मॅक्लारेन संघाचे अपील फेटाळले गेले. पंचांना परवाने परत करावे लागले. मूळ मजकुरात सारा दोष एकट्या हुसेन यांच्या माथी आला आहे. निर्णय तिघांचा होता.