दोन बोटं माया

1985 नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने गोराईत छोटे प्लॉट पाडले आणि आर.एस.सी. नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या सोसायट्या उभ्या राहिल्या. आपल्या वर्गातली बरीच मुलं याच गल्ल्यांतली. घराचा हप्ता भरणाऱ्या आईवडिलांसमोर जूनमध्ये वह्या, छत्र्या आणि गणवेश एकदमच येत.

त्यातल्या त्यात गणवेश आवाक्यात होता, कारण तो साधा होता. पांढरा शर्ट, खाकी पँट, मुलींना निळा पिनाफोर. कापड बोरिवली स्टेशनजवळ कुठल्याही दुकानात मिळे आणि गल्लीतलीच एखादी बाई शिवून देई. आमच्याकडे आई शिवायची. खाली चार बोटं दुमड, शिवणीत दोन बोटं माया. पाचवीतला पिनाफोर सातवीपर्यंत उसवत-वाढवत चाले, मग धाकटीकडे जाई.

खरी पंचाईत पावसाची. सुती खाकी दोन-दोन दिवस वाळत नसे. एका खोलीत दोरी बांधायची ती स्टोव्हच्या वरच, आणि ते धोक्याचंच होतं. म्हणून टेरीकॉट आलं तेव्हा सगळ्यांनी आनंदाने घेतलं. रात्री धुतलं की सकाळी तयार, इस्त्रीही नको. पण त्यातलं पॉलिएस्टर आग लागली तर वितळतं आणि कातडीला चिकटतं. शाळेतून आल्यावर गणवेश बदलल्याशिवाय स्टोव्हजवळ फिरकायचं नाही, हा आईचा नियम आम्हाला तेव्हा नुसता कपडे जपण्यासाठी वाटे.

पुढे अनेक शाळांत खास चौकडीचं कापड आणि खिशावर बोधचिन्ह आलं. ठरावीक दुकानातूनच खरेदीची सक्ती करू नये, असा शासन निर्णय 11 जून 2004 चा आहे. पण कापडच एका दुकानात मिळत असेल तर सक्ती लेखी करावी लागत नाही, आणि गल्लीतल्या शिवणाऱ्या बाईचं काम आपोआप बंद होतं.

सरकारी मदतीतही मापाचा प्रश्न सुटलेला नाही. समग्र शिक्षा योजनेत दोन जोड्यांना 600 रुपये असत आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समिती करी. 2024-25 मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापड एकत्र खरेदी झालं, शिलाई महिला बचत गटांकडे गेली. गटांना काम मिळावं हे योग्यच, पण स्वातंत्र्यदिनालाही अनेक शाळांत गणवेश पोहोचले नाहीत. पोहोचले त्यांतले कित्येक मुलांना बसेनात. डिसेंबर 2024 मध्ये अधिकार पुन्हा समित्यांकडे आले.

आपल्या मेळाव्यात गणवेश निधीची कल्पना निघाली आहे. माझी सूचना एवढीच, की तयार कपडे वाटू नयेत. पैसे एप्रिलमध्येच द्यावेत, म्हणजे मुलाला समोर उभं करून माप घेता येईल. मे संपला की गोराईत कुणाच्याच मशीनवर जागा नसते.