सबंध आकाश पाहणारा कॅमेरा

दुर्बीण आकाशाचा एक लहानसा तुकडा निवडते आणि त्याकडेच टक लावून पाहते. नको तें टाळून मान वळविण्याची मुभा तिला असते. सबंध आकाश एकाच चित्रांत टिपणाऱ्या कॅमेऱ्यास ही मुभा नाहीं. त्याचें भिंग खमध्याकडे तोंड करून बसविलेलें असतें आणि क्षितिजाचें वर्तुळ हीच त्याच्या चित्राची कड होते. डोंगर, झाड, गांवचा दिवा, सभोंवार जें असेल तें त्यास पाहावेंच लागतें. म्हणून ह्या यंत्राचा इतिहास बव्हंशीं जागेच्या शोधाचा इतिहास आहे.

असें भिंग केंब्रिजचे रॉबिन हिल ह्यांनीं इ. स. १९२४ मध्यें ढगांच्या अभ्यासासाठीं पुढें आणिलें. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ ह्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षांत ध्रुवप्रदेशांतील अनेक ठाण्यांवर असे कॅमेरे बसले आणि ठराविक अंतरानें ध्रुवीय प्रकाशाचीं चित्रें घेऊं लागले. महाराष्ट्राच्या आकाशांत तो प्रकाश सहसा दिसत नाहीं. परंतु येथील काळोखी रात्रहि अगदीं काळी नसते. दिवसां सूर्यकिरणांनीं फोडलेले हवेचे कण रात्रीं पुन्हां जुळतांना मंद उजेड सोडतात. ह्यासच वायुदीप्ति म्हणतात. तिच्यांतील तांबडा उजेड सुमारें २५० किलोमीटर उंचीवरून येतो.

कोल्हापूर येथें भारतीय भूचुंबकत्व संस्था व शिवाजी विद्यापीठ ह्यांच्या संशोधकांनीं अशाच कॅमेऱ्यानें हा उजेड टिपला आहे. त्या चित्रांत कधीं कधीं दक्षिणोत्तर काळे पट्टे पूर्वेकडे सरकतांना दिसतात. ते आयनांबरांत पडलेले पोकळ फुगे होत. रेडिओच्या लहरी आणि स्थान सांगणाऱ्या उपग्रहांचे संदेश त्यांतून जातांना अडखळतात. म्हणून ह्या पट्ट्यांची नोंद व्यवहारासहि उपयोगी पडते.

हें काम चिकाटीचें आहे. कॅमेरा समपातळींत बसवावा लागतो. चित्रांतील ओळखीच्या ताऱ्यांवरून उत्तर दिशा आणि प्रत्येक बिंदूची उंची ठरवावी लागते. उजेड अतिशय मंद असल्यामुळें प्रकाशग्राही पट्टिका थंड ठेवून, रंग निवडणाऱ्या गाळण्या लावून, बराच वेळ भिंग उघडें ठेवावें लागतें. चांदण्या रात्री निरुपयोगी ठरतात आणि पावसाळ्यांत काम जवळजवळ बंदच राहतें. भिंगावरील कांचेच्या घुमटावर दंव धरतें, धूळ बसते, किडे येतात. तो वरचेवर पुसावा लागतो. एवढें करूनहि बाहेरील दिवा पुसतां येत नाहीं.

शहराच्या सुधारणेपुढें यंत्रानें माघार घ्यावी, हें महाराष्ट्रास नवें नाहीं. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरतांच त्या नोंदी बिघडतील हें ओळखून १९०४ मध्यें हें काम अलिबागेस नेण्यांत आलें. पुण्यांत १८८८ मध्यें कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांनीं विज्ञान महाविद्यालयाच्या आवारांतच महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा चालू केली. त्या काळीं पुण्याच्या वस्तींत हें शक्य होतें. २००६ मध्यें आयुका ह्या पुण्याच्या संस्थेनें आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभारली, ती मात्र सुमारें ८० किलोमीटर दूर, पुणें-नाशिक रस्त्याच्या बाजूस गिरवली येथें.

त्या वाटेवरच भोसरी व चांकण हीं गांवें लागतात. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्तान ॲंटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. पुढें कारखाने वाढत गेले, १९८२ मध्यें पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि औद्योगिक पट्टा चांकणपर्यंत पोहोंचला. ह्या पट्ट्यानें हजारों घरांत चूल पेटविली आहे. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांस रात्रीं दिवे लागणारच. कामगाराची वाट उजळलीच पाहिजे. परंतु वर फेकलेला उजेड कोणाच्याच वाटेवर पडत नाहीं. तो हवेंत व धुळींत विखरतो आणि अनेक कोसांवरून क्षितिजावर घुमटासारखा दिसतो. त्याचें वीजबिल मात्र भरावेंच लागतें.

ह्यावर उपाय आहे, आणि तो महाराष्ट्रांतच करून पाहिलेला आहे. नागपूर जिल्ह्यांतील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें काळोख्या आकाशाचें उद्यान अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठीं वाघोली, सिल्लारी इत्यादि गांवांतील शंभरांहून अधिक दिवे बदलून त्यांचीं तोंडें जमिनीकडे वळविण्यांत आलीं. गांवें अंधारांत पडलीं नाहींत. पिंपरी-चिंचवडचें काम ह्याहून पुष्कळ मोठें आहे हें खरें. तथापि दिव्यावर झांकण बसविण्याची युक्ति तीच आहे, आणि अशीं झांकणें घडविणारे कुशल हात तर ह्याच पट्ट्यांत आहेत. अलिबाग, गिरवली अशीं दूरची ठिकाणें शोधीत जाण्यास कोठें तरी शेवट आहे. सबंध आकाश पाहणाऱ्या कॅमेऱ्यास मान वळवितां येत नाहीं. दिव्यास ती खालीं घालतां येते.