सात सेकंदांतले ४५६ मेगावॅट

२८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलिया या सगळ्या राज्याची वीज गेली, तेव्हा ॲडलेडच्या घड्याळात दुपारचे ३ वाजून ४८ मिनिटे झाली होती. अधिकृत अहवालांत हीच वेळ ४ वाजून १८ मिनिटे अशी आढळते, कारण तिथला वीजबाजार पूर्व किनाऱ्याच्या वेळेवर चालतो. बातम्या आणि अहवाल शेजारी ठेवून वाचणाऱ्याने हा अर्ध्या तासाचा फरक आधी मिटवून घ्यावा. पुढचा सगळा हिशेब सेकंदांचा आहे.

साडेआठ लाख ग्राहकांची वीज गेली होती. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी राज्य सरकारांच्या अक्षय ऊर्जेच्या उद्दिष्टांवर कडक टीका केली. त्या दिवशीचे वादळ आणि पवनचक्क्या एकाच चौकटीत दिसत होत्या, त्यामुळे दोषी ठरवायला पुराव्याची वाट कुणी पाहिली नाही. त्याच दिवसांतल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या ईमेल माहिती अधिकाराखाली फेब्रुवारी २०१७ मध्ये बाहेर आल्या. वीज कोणत्या इंधनापासून बनत होती याचा या घटनेत दोष नाही, वीजवाहिन्यांचे मनोरे कोसळल्याने हे झाले, असा सल्ला त्यांत नोंदवलेला आहे. राजकीय विधानाला छेद देणारा कागद म्हणून या ईमेल महत्त्वाच्या आहेत. पण त्यांतले स्पष्टीकरणही अपुरेच होते, हे नंतरच्या अहवालांवरून कळते.

वीजयंत्रणेचे संचालन करणाऱ्या एमो या संस्थेने एकापाठोपाठ चार अहवाल काढले. पहिला ५ ऑक्टोबरचा, शेवटचा मार्च २०१७ चा. पहिल्यात ३१५ मेगावॅट पवनवीज अचानक तुटल्याचे लिहिले आहे आणि का तुटली याचा उलगडा नाही. शेवटच्या अहवालात तो आकडा ४५६ मेगावॅट झाला आहे, आणि कारणही सापडले आहे. या दोन आकड्यांमधल्या सहा महिन्यांत जे शोधले गेले, तेच या घटनेचे खरे मर्म आहे असे मला वाटते.

घटनेच्या आधी राज्याची मागणी १,८२६ मेगावॅट होती. त्यात वाऱ्याचे ८८३, गॅसवरच्या संचांचे ३३०, आणि शेजारच्या व्हिक्टोरियातून आलेले ६१३. दोन चक्रीवादळी भोवऱ्यांनी एकमेकींपासून सुमारे १७० किलोमीटर अंतरावरच्या २७५ किलोव्होल्टच्या वाहिन्या जवळजवळ एकाच वेळी जमीनदोस्त केल्या. भोवऱ्यांतल्या वाऱ्याचा वेग ताशी १९० ते २६० किलोमीटर होता. दोष एकामागून एक येत गेले आणि दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा खाली आले.

पवनचक्क्यांनी हे धक्के सोसले. व्होल्टेज घसरले की क्षणभर सावरून पुन्हा वीज द्यायची, हे त्यांच्या नियंत्रण-संगणकांना शिकवलेलेच असते. पण राज्याच्या मध्य-उत्तर भागातल्या नऊ प्रकल्पांपैकी आठांच्या यंत्रांत आणखी एक अट भरलेली होती: दोन मिनिटांत असे धक्के किती वेळा सोसायचे याची मर्यादा. ती संपताच यंत्रांनी स्वतःला वाचवण्यासाठी उत्पादन खाली आणले. सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट गेले. वारा त्या वेळी भरपूर वाहत होता, आणि वाऱ्याचा लहरीपणा हे या घटनेचे कारण नव्हते, असे अंतिम अहवालाने स्वच्छ म्हटले आहे. ही तूट पडली नसती, तर वाहिन्या तुटूनही राज्य व्हिक्टोरियाशी जोडलेले राहिले असते, असे एमोच्या गणिती प्रतिकृतीतून दिसले.

तूट भरून काढायला व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या हेवूड जोडवाहिनीवर ८५० ते ९०० मेगावॅटचा लोंढा आला. शेवटचा पवनप्रकल्प खाली आल्यानंतर सुमारे ०.७ सेकंदाने तिथल्या संरक्षण यंत्रणेने ती वाहिनी तोडली आणि राज्य एकटे पडले.

इथून पुढे मात्र पवनऊर्जेच्या समर्थकांनीही नीट वाचायला हवे. याआधी राज्य असे तुटले, तेव्हा काही भागांचा पुरवठा आपोआप बंद होऊन बाकीचे वाचले होते. त्या वेळी वाफेवर किंवा गॅसवर फिरणारे अवजड जनित्र-संच जास्त संख्येने चालू असत. हात काढल्यावरही दगडी जाते थोडे फिरत राहते, तसे हे संच आपल्या जडत्वाने फ्रिक्वेन्सीची घसरण मंद करतात. या खेपेला असे संच मोजके होते. फ्रिक्वेन्सी सेकंदाला सुमारे ६ हर्ट्झच्या वेगाने कोसळली आणि आपोआप भार कापणाऱ्या रिलेंना वेळच मिळाला नाही. पोर्ट ऑगस्टाचे कोळशावरचे नॉर्दर्न केंद्र त्याच वर्षी मे महिन्यात बंद झाले होते, ही आठवणही इथे ठेवली पाहिजे.

म्हणून वाऱ्याचा दोष आहे आणि वाऱ्याचा काहीच दोष नाही, ही दोन्ही उत्तरे मला कच्ची वाटतात. आठ प्रकल्पांतला एक आकडा आणि यंत्रणेत उरलेले थोडे जडत्व, या दोन गोष्टी एकाच क्षणी भिडल्या. पुन्हा वीज आणण्याच्या कामातही पारंपरिक संचांनी साथ दिली नाही. शून्यातून सुरू होण्यासाठी ज्यांच्याशी करार होता, त्या क्वारंटाइन आणि मिंटारो या दोन्ही ठिकाणची व्यवस्था ऐन वेळी अयशस्वी ठरली. मग व्हिक्टोरियाच्या जोडवाहिनीवरून हळूहळू राज्य उभे करावे लागले. मध्यरात्रीपर्यंत, जिथे पुरवठा देणे शक्य होते त्यातला ८० ते ९० टक्के भाग परतला.

यंत्रांतली ती मर्यादा काही आठवड्यांत वाढवली गेली. २०२१ मध्ये डेव्हनपोर्ट आणि रॉबर्टस्टाउन इथे जडत्व देणारे चार सिंक्रोनस कंडेन्सर चालू झाले. पण दुसरा प्रश्न जबाबदारीचा होता. प्रकल्प जोडताना एमोला दिलेल्या माहितीत ती अट नव्हती, त्यामुळे दोन मिनिटांत किती धक्के बसले की किती वीज जाईल, हे नियंत्रण कक्षात कुणालाच ठाऊक नव्हते. डिसेंबर २०१८ मध्ये वीज नियामकाने एमोच्या त्या दिवसाच्या पूर्वतयारीतही उणिवा दाखवल्या. २०१९ मध्ये त्याने चार पवनप्रकल्प चालकांना न्यायालयात खेचले. स्नोटाउनच्या प्रकल्पाला डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. आरोप एवढाच होता, की यंत्रांत ती अट वापरण्यासाठी एमो आणि पारेषण कंपनीची लेखी मंजुरी घेतलेली नव्हती.