मोटारगाडीच्या जुन्या एंजिनाचे निदान

मोटारगाडीच्या एंजिनातील दट्ट्ये, त्यांच्या कड्या, झडपा, भुजादंड व धारवे हे भाग दृष्टीआड असतात. त्यांची झीज वा मोडतोड एंजिन न उघडता लक्षणांवरून ओळखणे, यास निदान म्हणतात. महाराष्ट्रात हे कौशल्य मुख्यतः एकाच गाडीवर घडले, असे म्हणण्यास हरकत नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० ही गाडी तयार होई; तीच पुढे पद्मिनी या नावाने प्रसिद्धीस आली. ६८ मिमी. व्यास व ७५ मिमी. धाव असलेल्या चार सिलिंडरांचे, १,०८९ घ.सेंमी. क्षमतेचे हे एंजिन कित्येक दशके जवळजवळ तसेच राहिले. त्यामुळे एका कारागिराने ओळखलेला आवाज त्याच्या शिष्यालाही उपयोगी पडे.

परभणीपासून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोलीसारख्या, कारखान्यापासून दूरच्या जिल्ह्यात निदानाला विशेष मोल होते. सिलिंडर पुन्हा कातावयाचे ठरले की ठोकळा यंत्रशाळेत न्यावा लागतो व तोवर गाडी उभी राहते. निदान चुकले तर हा खर्च वायाच जातो.

धुराची साक्ष फसवी असते. निळसर धूर म्हणजे वंगण जळत आहे, एवढेच निश्चित. चढावर तो सतत येत असल्यास कड्यांवर संशय घ्यावा. उतारावर प्रवेगक सोडून पुन्हा दाबताच त्याचा लोट आल्यास बहुधा झडपांचे मार्गदर्शक झिजलेले असतात. गार एंजिनातील टकटक तापल्यावर थांबत असेल, तर ती सैल दट्ट्याची होय. उलट भार पडताच जड, खोल ठोका ऐकू येऊन वंगणाचा दाबही उतरत असेल, तर भुजादंडाचे धारवे गेलेले असण्याचा संभव असतो. अशी गाडी पुढे हाकू नये.

निर्णायक कसोटी दाबाची. सर्व ठिणगी-गुडद्या काढून, प्रवेगक पूर्ण दाबून एंजिन फिरवितात व प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजतात. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर वंगण घातल्यावर दाब वाढला तर दोष कड्यांचा वा सिलिंडराच्या भिंतीचा. न वाढल्यास झडपांचा. शेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी असल्यास त्यांच्यामधील गॅस्केट फुटल्याची शंका घेतात.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारगाड्यांना प्रमाणित संगणकीय निदानव्यवस्था सक्तीची झाली. संगणक प्रज्वलन चुकणारे सिलिंडर दाखवितो. दोष कडीचा की झडपेचा, हे ठरविण्यासाठी मात्र अजूनही दाबमापक लावावा लागतो.