फणेरपेटी व आरशाचे टेबल

वेणीफणी, कुंकू व काजळ यांचे साहित्य ठेवण्याची, झाकणाच्या आतील अंगास आरसा बसविलेली लहान लाकडी पेटी म्हणजे फणेरपेटी. शयनगृहात ठेवावयाच्या, खण व उभा आरसा असलेल्या मेजास मराठीत शृंगारमेज असा शब्द योजतात. व्यवहारात मात्र त्यास आरशाचे टेबल किंवा ड्रेसिंग टेबल असेच म्हणतात. दोहोंचा उपयोग एकच असला, तरी पेटीचे पुढे टेबल झाले असे म्हणता येत नाही. पेटी जमिनीवर बसणाऱ्या घराची, तर टेबल खुर्चीवर बसणाऱ्या घराचे. पेटी उजेडाकडे नेता येई. टेबलापाशी उजेड आणावा लागला. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या (१ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग) किनारपट्टीत हा फरक विशेष ठळकपणे दिसतो.

या भागात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो. त्यामुळे जुन्या घरांचे छप्पर उतरते, पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून पुढे आलेले आणि खिडक्या लहान असत. माजघरात भरदुपारीही पुरेसा उजेड नसे. निजण्यासाठी वेगळी खोली बहुतेक घरांत नव्हती. अंथरुणे रात्री पसरीत व सकाळी वळकट्या करून ठेवीत. कपडे दांडीवर किंवा खुंटीवर, ठेवणीतली वस्त्रे पेटाऱ्यात आणि नित्याच्या वस्तू कोनाड्यात किंवा फडताळात अशी सर्वसाधारण व्यवस्था असे. अशा घरात शृंगाराची जागा ठरलेली नव्हती. सकाळची कामे उरकली की पेटी पडवीत किंवा मागील दारी आणावयाची, पाटावर बसून झाकण कलते उभे करावयाचे आणि केस विंचरावयाचे, असा परिपाठ होता. तिन्हीसांजेनंतर केस विंचरू नयेत, रात्री आरशात पाहू नये, असे संकेत आजही ऐकू येतात. त्यांच्या मुळाशी काहीही असो, तेलाच्या दिव्याच्या उजेडात ते पाळणे फारसे जड जात नसावे.

पेटीचा आकार बहुधा चौरस किंवा लांबट. आत फणी, कंगवा, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी, आगवळ, गंगावन अशा वस्तूंसाठी कप्पे आणि पुष्कळदा तळाशी एक लहान खण असे. कपाळावर आधी मेण लावून त्यावर कोरडे कुंकू रेखण्याची रीत असल्यामुळे मेणाच्या डबीवाचून करंडा अपुरा समजला जाई. पेटीला कडी व कुलूप असे. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. पण एकत्र कुटुंबात धान्याच्या कोठीची, पैशांच्या पेटीची व देवघराची सत्ता वडीलधाऱ्यांकडे असताना, जिची किल्ली सुनेच्या कमरेला असू शके अशा थोड्या वस्तूंपैकी फणेरपेटी ही एक होती. तळच्या खणात नाकातली मोरणी, माहेरून मिळालेले दोन पैसे आणि क्वचित एखादे पत्रही राही. पेटी निवडताना खण किती व कुलूप कसे याकडे लक्ष दिले जाई ते केवळ सोयीसाठी नव्हे.

सर्वांच्याच घरी अशी पेटी होती असा मात्र समज करून घेऊ नये. कुळे, खारवी-गाबीत मच्छीमार आणि मजुरी करणारी कुटुंबे यांच्या घरात भिंतीवर टांगलेला हातभर आरसाही पुष्कळ वाटे. फणी कुडाच्या भिंतीत खोचलेली असे. दुसरीकडे, ज्या वरिष्ठ मानलेल्या जातींच्या घरांत पेटी हमखास असे, त्यांच्याच घरांत नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती स्त्रीच्या हातून काढून घेतली जाई. कुंकू, आरसा व फणी या तिन्ही वस्तू सौभाग्याच्या मानल्या गेल्यामुळे आणि ब्राह्मण विधवांच्या बाबतीत केशवपनाची रूढी असल्यामुळे पेटीला तिच्या लेखी काही प्रयोजनच उरत नसे. पेटी मग नव्या सुनेकडे जाई किंवा माळ्यावर ठेवली जाई. याच किनाऱ्याच्या उत्तरेकडील मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, त्याबद्दल त्यांना आपल्या गावी बहिष्कार सोसावा लागला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने केला तो मे २०२२ मध्ये, व त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आरसा ही घरातील निरुपद्रवी वस्तू आहे, असे म्हणताना हा इतिहास नजरेआड करता येत नाही.

आरसा हा शब्द संस्कृत ‘आदर्श’ या शब्दापासून आला आहे. प्राचीन काळी आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरातील (१११७) दर्पणसुंदरीच्या हातातील आरसा याच प्रकारचा मानावा लागतो, आणि पश्चिम किनाऱ्यावरच केरळातील आरन्मुळा येथे असे धातूचे आरसे अजून घडविले जातात. काचेच्या आरशाच्या पाठीवर पूर्वी कथिल व पारा यांचा लेप देत. १८३५ मध्ये यूस्टुस फोन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर देण्याची रीत शोधली व पाऱ्याचा वापर हळूहळू मागे पडला. परंतु मराठीत आजही आरशाचा ‘पारा उडतो’. खाऱ्या व दमट हवेत तो अधिक लवकर उडतो, हा मालवण–वेंगुर्ले भागातील नित्याचा अनुभव आहे.

लाकडी सामानाचे पाश्चात्त्य घाट या भागात दोन वाटांनी आले. पहिली वाट गोव्याची. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्यात साग व आबनूस या लाकडांत हस्तिदंत जडवून अनेक खणांची कपाटे तयार होत व ती युरोपात जात. त्यांचे उत्कृष्ट नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहेत. चावी, अलमारी, मेस्त्री हे शब्द पोर्तुगीजांच्या संपर्काचीच साक्ष देतात. दुसरी वाट इंग्रजांची. १८१२ मध्ये मालवण व वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले आणि बेळगावच्या छावणीचा माल वेंगुर्ले बंदरात उतरू लागला. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतील मेजे-खुर्च्या पाहून स्थानिक सुतारांनी ते घाट उचलले. नावांचा गोंधळही याच वाटेने आला. इंग्रजीतील ‘ड्रेसर’ म्हणजे मुळात स्वयंपाकघरातील ताटे मांडण्याची घडवंची. ब्रिटनमध्ये तो अर्थ टिकला, अमेरिकेत मात्र तोच शब्द शयनगृहातील खणांच्या कपाटास लागला. फ्रेंचांचा ‘त्वालेत’ हा शब्द तर मेजावर अंथरावयाच्या लहानशा कापडावरून आलेला आहे.

स्थानिक कारागिरीत सावंतवाडीचा उल्लेख अवश्य करावा लागेल. तेथील चितारी कारागीर पाट, चौरंग, डबे, पेट्या, खेळणी व गंजिफा यांसाठी प्रसिद्ध आहेत. चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवून लेप चढवितात व केवड्याच्या पानाने घासून त्यास तकाकी आणतात. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला मोडकळीस आली असता सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना काम देऊन ती सावरली. येथील लाकडी वस्तू व गंजिफा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आरशाचे टेबल सामान्य घरांत शिरले ते मुंबईच्या चाकरमान्यांमुळे. मुंबईतील भाड्याच्या खोलीत जागा नसे; पण गावी नवे घर बांधताना निजण्याची वेगळी खोली काढण्याची प्रथा पडली आणि त्या खोलीत पलंग, कपाट व आरशाचे टेबल हा संच गृहीत धरला जाऊ लागला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. त्यानंतरच्या दशकांत गावोगाव वीज पोहोचली, तेव्हा कोठे आरसा एका जागी स्थिर ठेवणे खऱ्या अर्थाने शक्य झाले. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू होईपर्यंत मुंबईचा अवजड माल बोटीने किंवा घाटातील मोटारींनी येई. मोठा आरसा बोटीतून पडावात व पडावातून किनाऱ्यावर अखंड उतरविणे हे जोखमीचे काम होते. त्यामानाने लाकूड परसातले आणि सुतार गावचा, हा मार्ग सोपा पडे.

टेबल निवडताना या किनाऱ्यावर शोभेपेक्षा हवेचाच विचार आधी करावा लागतो. साग सर्वांत भरवशाचा. त्यातील नैसर्गिक तेलामुळे त्यास वाळवी सहसा लागत नाही. फणसाचे लाकूड प्रथम पिवळे असते, पुढे तांबूस-तपकिरी होते. ते टिकाऊ असून कोकणात त्याचा वापर परंपरेने होत आला आहे. शिसव सुंदर, पण महाग व जड. आंबा स्वस्त असला, तरी त्यास कीड लवकर लागते. लाकूड पुरते वाळलेले नसेल, तर पावसाळ्यात खण फुगून अडकतात व उन्हाळ्यात खडखडतात. म्हणून खण ओढून पाहण्याची खरी वेळ दुकानात नव्हे, आषाढात असते. लोखंडी खिळ्यांपेक्षा कुसवाचे सांधे आणि पितळी बिजागऱ्या व कड्या बऱ्या. भुशाच्या दाबीव फळ्यांची अलीकडील टेबले दिसावयास नेटकी असतात. परंतु त्यांच्या कडांतून एकदा ओल शिरली की ती फुगतात व स्क्रू धरीत नाहीत. पोलादी कपाटाच्या दारावर आरसा बसविण्याची युक्ती जागा वाचविते, मात्र खाऱ्या वाऱ्यात रंग उडालेल्या जागी गंज धरतो.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि जांभा दगड पाणी शोषून घेतो, म्हणून दक्षिण व पश्चिम बाजूंच्या बाहेरील भिंती टाळून टेबल आतील भिंतीशी, मागे चार बोटे अंतर सोडून ठेवणे इष्ट. पाय उंच असावेत, म्हणजे खालून हवा खेळते व वाळवीची माती वेळीच दिसते. उजेड आरशावर नव्हे, समोर बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडावा. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी त्यास योग्य. कुलूप लागणारा एक तरी खण असावा, असा आग्रह जुन्या बायका धरीत. आजच्या तयार टेबलांत तो क्वचितच आढळतो.

फणेरपेट्या आता नित्य वापरात नाहीत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात करंडे, फण्या व वज्रींसारख्या स्त्रियांच्या प्रसाधनवस्तूंचा मोठा संग्रह आहे. जुन्या घरांत एखादी पेटी उरली असेल, तर ती बहुधा आरशाच्या टेबलावरच ठेवलेली दिसते; तिच्यात सुईदोरा, बटणे व औषधाच्या चिठ्ठ्या असतात.