महाराष्ट्र सिंचन सहयोग

सिंचन अभियंते, कृषितज्ज्ञ आणि शेतकरी यांना एका मंचावर आणणारी छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील स्वयंसेवी संस्था. तिची प्रेरणा जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांची. 1993 सालचे स्टॉकहोम जल पारितोषिक मिळालेले चितळे आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाचे महासचिव होते. जागतिक परिषदांची शिस्त त्यांनी मराठी मंचावर आणली. शहरालगत कांचनवाडीला 1980 पासून असलेली वाल्मी ही प्रशिक्षण संस्था आणि पैठणचा जायकवाडी प्रकल्प यांमुळे जाणकार अभियंत्यांची इथे वाण नव्हती.

सहयोगाचे मुख्य काम सिंचन परिषद. ती एका शहरात अडकून न राहता राज्यात ठिकठिकाणी भरते, हे तिचे मोठे बळ. चर्चा मराठीत चालत असल्याने चारीच्या शेपटाकडचा शेतकरीही अभियंत्याला थेट जाब विचारू शकतो : पाण्याची पाळी ठरल्या दिवशी का आली नाही, पाणी कमी का भरले? राज्याच्या 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद केल्यापासून अशा प्रश्नांना मोजमापाचा आधार मिळाला. केवळ अभियंत्यांच्या संमेलनांपेक्षा ही परिषद म्हणूनच अधिक उपयोगी ठरते.