परिमेय बैजिक राशी : गुणाकार व भागाकार

ज्या राशीचा अंश व छेद दोन्ही बहुपदी असून छेद शून्य बहुपदी नाही, ती परिमेय बैजिक राशी. गुणाकारात अंशाला अंशाने, छेदाला छेदाने गुणतात. भागाकारात भाजक उलटा करून गुणतात. आधी अवयव पाडून सामाईक अवयव काढून टाकावेत. गुणून झाल्यावर अवयव शोधत बसणे म्हणजे वाढीव घातांकांशी विनाकारण झुंज.

उदा., [(क्ष² − ९)/(क्ष² + ५क्ष + ६)] ÷ [(क्ष − ३)/(क्ष² − ४)]. अवयव पाडून व भाजक उलटा करून [(क्ष − ३)(क्ष + ३)(क्ष − २)(क्ष + २)] / [(क्ष + २)(क्ष + ३)(क्ष − ३)] असे रूप येते. उत्तर क्ष − २. मात्र क्ष = −३, −२, २ व ३ या किमती वर्ज्य. पहिल्या तिन्हींनी कोणता ना कोणता मूळ छेद शून्य होतो, तर ३ घेतल्यास खुद्द भाजकच शून्य होतो. उत्तरात छेद उरत नसल्याने ही अट लिहायची बहुधा राहून जाते.

(क्ष + ५)/५ यातील ५ परस्पर कापता येत नाहीत. अवयव कापतात, पदे नव्हे.

इतिहास : भाजक उलटा करण्याचा नियम ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त (६२८) आहे. वर्ज्य किमतींमागचा प्रश्न शून्याने भागण्याचा; त्यात शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे तो मानतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (११५०) शून्यप्रकरणात एक विलक्षण उदाहरण येते : एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, आलेल्याची तिप्पट करून शून्याने भागले, तर ६३ आले, ती संख्या कोणती? पुढे भागाकार व्हायचा असेल तर शून्याने झालेला गुणाकार पुरा न करता तसाच राखून ठेवावा, असा त्यांचा दंडक. त्यामुळे वरचे व खालचे शून्य जाऊन ९क्ष/२ = ६३ उरते व क्ष = १४ मिळतो. आजच्या नियमांनी हे अग्राह्य. शून्याऐवजी शून्याकडे झुकणारी राशी कल्पिली तर मात्र उत्तर बरोबर येते. भास्कराचार्यांना सीमेची कल्पना होती काय, याविषयी एकमत नाही. ग्रहगणितात या रीतीचा मोठा उपयोग आहे, असे ते स्वतः नोंदवतात, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

यूरोप : अशा राशींतील अक्षरचिन्हांची पद्धतशीर मांडणी फ्रेंच गणिती व्हिएत याच्यापासून (१५९१).